सात गोळ्यांचं पारणं

औषध देणं हे काम दहा सेकंदांचं असतं. गोळी तळहातावर ठेवायची, पाण्याचा पेला पुढे करायचा, गिळल्याचं दिसलं की संपलं. नर्सचा उरलेला सगळा दिवस आणि तिची उरलेली सगळी नोकरी जाते ती त्या गोळीचं पुढे काय झालं हे शोधण्यात. लोकांना वाटतं आम्ही सुया टोचतो. टोचतोही. पण खरं म्हणजे आमचा धंदा बोलण्याचा आहे, आणि त्यात मी एकदा अशी काही बोलले की एक बाई मरता मरता राहिली. या अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे सेवेतले समाधानाचे क्षण मागितले होते. ते सगळे निवृत्तीच्या समारंभात सांगून संपले. हार घालणाऱ्यांना तेच हवे असतात. उरलं आहे ते इथे लिहिते.

मी बी.एस्सी. नर्सिंग. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. माझी खोड आहे, जाणार नाही. माझे वडील गवंडी. पुण्यातल्या दोन कॉलेजांच्या भिंती त्यांच्या हातच्या, पण त्या भिंतींच्या आत वही घेऊन बसलेली आमच्या घराण्यातली मी पहिली. पदवीचा कागद मी त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो दोन बोटांत धरून जाडी चाचपली आणि म्हणाले, "माल चांगला हाय." तो माल घेऊन सत्तरचं दशक संपता संपता मी मुळशी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. मुठा खोऱ्यात आता शनिवार-रविवारपुरते राहायचे बंगले झालेत. तेव्हा शनिवार-रविवार नावाची वेगळी काही चीज असते, हे त्या खोऱ्यात शाळामास्तर सोडला तर कुणाच्या गावी नव्हतं.

कॉलेजात आम्हाला औषध देण्याचे पाच नियम घोकून घेतलेले: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. मी ते झोपेतही म्हणत असे. केंद्रात पहिल्या आठवड्यातच पाचही नियमांची माझ्यासमोर विल्हेवाट लागली.

योग्य रुग्ण म्हणाल, तर एक आजी रांगेत बसून पोटदुखीचं सविस्तर वर्णन करत होत्या. पोट दाबून बघितलं तर काही नाही. "कधीपासून दुखतंय?" म्हटलं. "मला कुटं दुखतंय? सुनंचं दुखतंय. तिला शेतात भांगलायला जायाचं व्हतं, म्हनून मी आले. तपासा की मला, ती माझ्याच अंगाची हाय." मार्गाबद्दल तर विचारूच नका. सुई म्हणजे औषध. गोळी म्हणजे सुई संपल्यावर समजूत काढायला दिलेलं काहीतरी. आणि वेळ? 'दिवसातून तीनदा, जेवणानंतर' असं मी एका शेतकऱ्याला मोठ्या ऐटीत सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आमी दोनदाच जेवतो बाई. तिसरं जेवान सरकार देनार असंल तर घेतो की."

सरकार जेवण देत नसे, पण चित्रं देत असे. जिल्ह्याच्या कार्यालयाकडून आरोग्यशिक्षणासाठी एक मोठा चित्रसंच आला. त्यात नायलॉनची साडी नेसलेली एक गोरी बाई टेबलाशी खुर्चीवर बसून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, काचेच्या पेल्यातून गोळी घेत होती. मी वाडीवाडीत ते चित्र उभं करून अर्धा अर्धा तास बोलत असे. बायका मन लावून ऐकत. शेवटी मी विचारलं, "काय समजलं?" तर एक म्हणाली, "ही बाई एकटीच राहती का? घरात कुनी मानूस दिसंना." दुसरी म्हणाली, "एकटी हाय म्हनून तर आजारी पडली." मासिक अहवालात मात्र सभा किती झाल्या, उपस्थिती किती, असे रकाने होते. लोकांना काय समजलं, याला रकाना नव्हता, त्यामुळे आमचं काम दरमहा उत्तम चालत असे.

केंद्रात आम्ही मोजकीच माणसं. डॉक्टरसाहेब पुण्याचे, तरुण, स्वभावानं वाईट नव्हते; पण त्यांचा एक डोळा नेहमी बदलीच्या अर्जावर असे आणि दुसरा नसबंदीच्या आकड्यावर. शिपाई धोंडिबा हा त्याच खोऱ्यातला. कुणाची सोयरीक कुठे आणि कुणाच्या देवाला काय चालतं, हे त्याला तोंडपाठ. बाजारपेठेत हुसेनभाईंचं किराणा दुकान. त्यांच्या घराण्याची चौथी पिढी त्या पेठेत होती. बरण्यांत बडीशेप, गोळ्या-बिस्किटं आणि डोकेदुखीच्या सुट्या गोळ्या अशा एका ओळीत. मी एकदा त्यावरून त्यांना हटकलं, तर म्हणाले, "शिष्टर, माझ्याकडचं गिऱ्हाईक परत येतं. तुमच्याकडं पेशंट किती परत येत्यात ते सांगा." मी विषय बदलला.

आता हौसाबाई.

हौसाबाई खोऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका वाडीत राहायच्या. वय पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळ्या, तोंडानं फटकळ. नवरा रामभाऊ. हा माणूस बैलांशी बोलायचा, माणसांशी क्वचित. हौसाबाईंच्या हृदयाची झडप लहानपणच्या तापात खराब झालेली. दम लागायला लागला, पाय सुजले, तेव्हा मुलगा त्यांना पुण्याच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या, सोबत एक कागद आणि गोळ्यांची एक डबी. डॉक्टरसाहेबांनी कागद वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "सिस्टर, तुम्ही बी.एस्सी. ना? समजावून सांगा."

ही गोळी डिगॉक्सिनची. एका विलायती फुलझाडापासून काढतात. दमलेल्या हृदयाला ती जोर देते आणि त्याची धावपळ कमी करते. गोळी दिसायला साबुदाण्याएवढी, पण फार खट. औषध आणि विष यांच्यात इतर गोळ्यांत मैदान असतं, हिच्यात बोटभर बांध. थोडी जास्त झाली की मळमळतं, नाडी मंदावते, आणि सगळं पिवळं पिवळं दिसायला लागतं. आणखी जास्त झाली की हृदय थांबतं. म्हणून त्या काळचे आपल्याकडचे डॉक्टर ती आठवड्यातून पाचच दिवस द्यायचे, अंगात साठू नये म्हणून दोन दिवस खाडा. कागदावर लिहिलं होतं: रोज एक, जेवणानंतर, शनिवार, रविवार बंद.

मी हौसाबाईंना समोर बसवलं. आणीबाणी उठून फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे पहिला प्रश्न ठरलेला.

"ही पोरं बंद व्हायाची न्हाई ना?"

"मावशी, तुमचं वय काय?"

"वयाचं सरकारला काय? शेजारच्या म्हाताऱ्याला नेलाच की."

मी शपथेवर सांगितलं की ही हृदयाची गोळी आहे. मग खास आवाज काढून म्हटलं, "मावशी, ही गोळी एकही चुकवायची नाही. चुकली तर जिवाशी गाठ आहे. रोज जेवणानंतर एक. फक्त शनिवार-रविवार घ्यायची नाही."

"शनवार-आयतवार का न्हाई?"

इथे मी सांगायला हवं होतं: अंगात साठते म्हणून. पाच शब्दसुद्धा लागले नसते. पण बाहेर रांग होती, आणि हिला 'साठते' म्हणजे काय हे कुठे समजणार, असा पदवीधर विचार माझ्या मनात आला. मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून."

हौसाबाईंनी मान हलवली. "व्हय. सरकारी गोळी. तिला बी सुट्टी आसंल."

मी हसले. मग पुस्तकात लिहिल्याप्रमाणे त्यांच्याकडून सगळं परत म्हणवून घेतलं. त्यांनी एक शब्द न चुकता म्हटलं: एक बी चुकवायची न्हाई, जेवनानंतर एक, शनवार-आयतवार न्हाई. मी नोंदवहीत लिहिलं, 'समजावले. समजले.' आणि त्या दिवशी मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

पुढे श्रावण आला.

हौसाबाई उपवासाच्या पक्क्या. एरवी सोमवार आणि गुरुवार, श्रावणात शनिवारही, शिवाय चतुर्थी, एकादशी. आता माझ्या शिकवणीचा त्यांनी काय अर्थ लावला तो नीट बघा, कारण त्यात एकही चूक नाही. गोळी जेवणानंतर घ्यायची. उपवासाच्या दिवशी जेवण नाही, म्हणून गोळी नाही. पण एकही चुकवायची नाही. म्हणून राहिलेली गोळी पदराच्या गाठीत बांधायची आणि उपवास सुटला की त्या दिवशीच्या गोळीबरोबर घ्यायची. कधी दोन, कधी दोन दिवसांचे उपवास लागून आले की तीन. मी दोन आज्ञा दिल्या होत्या, त्यांनी दोन्ही पाळल्या. असा आज्ञाधारक रुग्ण मला पुढे नोकरीत दुसरा मिळाला नाही.

भाद्रपदात त्या केंद्रात आल्या. अन्न जात नाही, मळमळतं. "आन् समदं पिवळं दिसतंया बाई."

डॉक्टरसाहेबांनी कावीळ म्हणून डोळे बघितले. डोळे पांढरे. मग पित्त ठरलं, पुड्या दिल्या. मी शेजारी उभी होते. डिगॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणं हा प्रश्न मला परीक्षेत आला होता. मळमळ, मंद नाडी, पिवळी दृष्टी, असं मी क्रमानं लिहून पैकीच्या पैकी मिळवले होते. तीच उत्तरपत्रिका लुगडं नेसून माझ्यासमोर बसली होती आणि मी काय म्हणाले? भाद्रपदात आमच्याकडचे सगळे डोंगर सोनकीच्या फुलांनी माखलेले असतात, नजर जाईल तिथे पिवळं. मी म्हणाले, "मावशी, सोनकी फुललीय. सगळ्यांनाच पिवळं दिसतंय." डॉक्टरसाहेब हसले. हौसाबाईही हसल्या. तिघांनी मिळून एक बाई मारायची तयारी चालवली होती, त्यातली एक ती स्वतःच.

त्या वाचल्या त्या केवळ पितृपक्षाच्या कृपेनं. पितृपक्षात सासऱ्यांचं, दिरांचं, चुलतसासऱ्यांचं असं करता करता जेवणंच जेवणं, उपवास कमी. गोळ्या वेळच्या वेळी गेल्या. पिवळेपणा गेला. डॉक्टरसाहेब म्हणाले, "पुड्यांचा गुण." मग नवरात्र बसलं.

खंडेनवमीच्या सकाळी, त्या वर्षी मंगळवार होता, मी साबण आणायला हुसेनभाईंच्या दुकानात गेले. पुडी बांधता बांधता ते म्हणाले, "शिष्टर, तुमची एक चौकशी हाय. वरच्या वाडीचा रामभाऊ काल साबुदाणा न्यायला आलता. म्हनला, शिष्टर भेटल्या तर इचारून ठिवा, सात गोळ्या एकदम घ्यायच्या त्या च्यासंगं का दुधासंगं."

"कसल्या सात गोळ्या?"

"बायकूच्या काळजाच्या. तिला नऊ दिस उपास. मधी दोन दिस गोळीची सुट्टी, ऱ्हायल्या सात. पारन्याला एकदम घेनार म्हनं." त्यांनी दोऱ्याला गाठ मारली. "मी म्हनलं, दुधासंगं घ्या. च्यानं पित्त व्हतं."

माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी श्रावण, भाद्रपद, सोनकी, सगळं ओळीनं उभं राहिलं. परीक्षेतलं उत्तर मला तेव्हा कळलं. दोन-तीन गोळ्यांनी जिला जग पिवळं दिसलं, ती सात घेणार होती. पण पारणं दसऱ्याला, म्हणजे उद्या. सकाळच्या एस.टी.नं जाऊन थांबवता येईल, असा हिशेब करत मी केंद्रात आले.

केंद्रात पूजा मांडली होती. धोंडिबानं टेबलावर रक्तदाबाचं यंत्र, सुया उकळायचं भांडं, कात्र्या आणि डॉक्टरसाहेबांची छाती ऐकायची नळी, म्हणजे स्टेथोस्कोप, ओळीनं ठेवून सगळ्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. खुद्द डॉक्टरसाहेब सणासाठी पुण्याला. मी धोंडिबाला म्हटलं, उद्या सकाळी हौसाबाईंकडे जायचंय, दसऱ्याचं पारणं व्हायच्या आत.

"दसऱ्याला कुटलं?" धोंडिबा म्हणाला. "त्यांच्या भावकीत नवमीलाच घट हालतो. दुपारचा निवद दावला की पारनं."

घड्याळात साडेदहा झाले होते. मी टेबलावरचा स्टेथोस्कोप उचलला. धोंडिबा आडवा आला. "बाई, पूजंतली वस्तू उद्यापत्तुर हालवत न्हाईत."

"माणूस मेलं तर?"

त्यानं जरा विचार केला. "मानूस मेलं तर नळीचा काय उपेग?"

वाद घालण्यात वेळ नव्हता. मी नळी झेंडूसकट गळ्यात घातली आणि निघाले. वरच्या अंगाची एस.टी. गेलेली, दुसरी तीन वाजता. मी परत हुसेनभाईंकडे. त्यांच्याकडे माल आणायची एक राजदूत मोटारसायकल होती. सगळं ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "मी दुधासंगं सांगितलं की," एवढंच म्हणाले, आणि दुकान उघडं टाकून त्यांनी गाडी काढली. परगावची नर्सबाई झेंडूचा हार घालून हुसेनभाईंच्या गाडीवरून भर बाजारातून गेली, याच्या पुढे दोन महिने ज्या आवृत्त्या निघाल्या त्या इथे देत नाही. रस्ता संपला तिथे गाडी थांबली. पुढे अर्ध्या तासाची चढण. ती मी वीस मिनिटांत चढले असेन. वर पोचले तेव्हा माझंच हृदय तपासायच्या लायकीचं झालं होतं.

घरात घटापुढे नैवेद्याचं ताट मांडलेलं. आरती नुकतीच झाली होती. हौसाबाई पाटावर बसल्या होत्या, पायांवर सूज, ओठ निळसर, बोलताना धाप. नऊ दिवस औषध नव्हतंच ना. आणि त्यांच्यासमोर विड्याच्या पानावर, हळदकुंकू वाहिलेल्या, सात पांढऱ्या गोळ्या. शेजारी दुधाची वाटी.

मी पान उचलून घेतलं.

"बाई, देवापुढचं उचलू नगा," हौसाबाई म्हणाल्या. "बसा. जेवूनच जावा."

"मावशी, या सात एकदम घेतल्या तर तुम्ही मराल."

"तुमीच म्हनला व्हता की. एक बी चुकवायची न्हाई. चुकली तर जिवाशी गाठ."

"म्हटलं होतं. माझं चुकलं."

"तवा खरं बोलला का आत्ता?" त्या धाप टाकत म्हणाल्या. यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि जिवाचा प्रश्न असलेल्या बाईला ते विचारायचा हक्क होता.

मी समजावायला बसले. माझी पदवी पणाला लागली होती. म्हटलं, "हे बघा. रोपाला सात दिवस पाणी घातलं नाही आणि आठव्या दिवशी सात दिवसांचं एकदम ओतलं, तर रोप जगेल का?"

"भात हाय आमचं," हौसाबाई म्हणाल्या. "त्ये पान्यातच उभं आसतं."

मी दुसरा दाखला काढला. "बरं. सात दिवसांचं मीठ एका कालवणात घालाल का?"

"मीठ तर तुमीच बंद केलंय. इस्पितळाच्या कागदावर बी हाय."

सून पदराआड हसली. माझ्याकडचे दाखले संपले. कॉलेजात तिसरा शिकवला नव्हता. हौसाबाईंनी पानाकडे हात केला. मी पान मागे घेतलं. देवापुढे एक रुग्ण आणि एक पदवीधर अशी ओढाताण चाललेली, आणि मला त्या क्षणी एवढंच दिसत होतं की हिच्या हातात ते पान गेलं, तर संध्याकाळपर्यंत ही नसेल, आणि नोंदवहीत माझ्या अक्षरात 'समजले' असेल.

मग दाराशी बसलेला रामभाऊ बोलला. तो आपल्याच पायाकडे बघत होता.

"परवाच्या साली ढवळ्याचा खूर दुखावला व्हता. सात दिस बसून व्हता. आठव्या दिशी त्याच्याकडनं सात दिसाचं औत घेतलं का आपन?"

हौसाबाईंनी पानावरची नजर त्याच्याकडे वळवली.

"घेतलं आसतं तर?" रामभाऊनं विचारलं.

हौसाबाई म्हणाल्या, "बैल पडला आसता."

"मग काळीज बी बैलच की. दे ते पान बाईंना."

पान माझ्या हातातच होतं, पण हौसाबाईंनी हात मागे घेतला, तेव्हा खरं दिलं. मी त्यांची छाती ऐकली. ठोके अडखळत, भराभर पळत होते. एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली. बाकीच्या सहा मी रुमालात बांधल्या. त्यांनी एक दुधाबरोबर घेतली. नंतर मी 'साठते' हा शब्द सांगितला. अंगात साठते, म्हणून रोज एकच, म्हणूनच दोन दिवस खाडा. हौसाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आसं हाय व्हय. मग त्या दिशी का न्हाई सांगितलं?" मी म्हटलं, वाटलं नाही तुम्हाला समजेल. त्या म्हणाल्या, "आमी कनगीत धान साठवतो बाई. साठनं आमाला ठावं हाय." नंतर मी जेवले.

दसरा उलटल्यावर मी त्यांना पुण्याच्या इस्पितळात घेऊन गेले. सकाळी सातपासून रांगेत. मला एकच विचारायचं होतं: हा दोन दिवसांचा खाडा शनिवार-रविवारऐवजी सोमवार-गुरुवार ठेवला तर? आमच्या डॉक्टरसाहेबांना मी आधी विचारलं होतं, ते म्हणाले होते, "मोठ्या इस्पितळाचा सल्ला आहे. आपण बदलायचा नाही. लेखी विचारा." लेखी विचारलेलं अजून टपालात होतं. मोठे डॉक्टर दुपारी एकला भेटले. त्यांनी नाडी बघितली, छाती ऐकली, कागदावर लिहिता लिहिता माझा प्रश्न ऐकला आणि मान वर न करता म्हणाले, "कुठलेही दोन. लागून नसले तर उत्तमच."

मग शनिवार-रविवारच का लिहिता, असं मी विचारलं.

"सोपं पडतं लक्षात ठेवायला," ते म्हणाले.

कुणाला सोपं, हे विचारायच्या आत पुढचा रुग्ण आत आला होता.

त्यानंतर मी नोंदवहीत 'समजले' लिहिणं सोडलं. रुग्णाला म्हणायचे, मी सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगा, आणि ते जसं बोलतील तसं उतरवून घ्यायचे. घोकलेलं परत म्हणून दाखवणं वेगळं आणि आपल्या शब्दांत सांगणं वेगळं, हे शिकायला मला पदवीनंतर एक नवरात्र लागलं. त्या वर्षाअखेरीस वरचे एक अधिकारी तपासणीला आले. त्यांनी वही चाळली. "सिस्टर, पदवीधर असून ही काय भाषा? हाय, न्हाई?" मी म्हटलं, साहेब, ती त्यांची आहे. ते हौसाबाईंच्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं: 'सात दिस बसलेल्या बैलाकडनं आठव्या दिशी सात दिसाचं औत घेऊ ने.' साहेबांनी लाल शाईचं पेन काढलं आणि समासात शेरा मारला: 'मजकूर विषयाशी असंबद्ध. बैलांबाबत पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.' खाली सही. ती वही मी जपायला हवी होती. सरकारी मालमत्ता म्हणून परत केली, आणि वाळवीनं खाल्ली.

वर्षभर हौसाबाई चांगल्या राहिल्या. सोमवार-गुरुवार गोळीचा खाडा आणि त्यांचा उपवास एकत्र नांदले. एकादशी-चतुर्थीला आणि श्रावणी शनिवारी गोळी दुधाबरोबर चालते, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. गोळी पांढरी आहे आणि तिच्यात धान्य नाही, या दोन कारणांवर. पण नवरात्राचं काही जमेना. घरात घट बसलेला असताना औषध तोंडात घालायचं नाही, ही सासूबाईंपासूनची रीत. मी भादव्यापासून तीनदा वर जाऊन आले. "साठनं कळलं बाई," त्या म्हणायच्या, "पर देवीला कोन सांगनार?" नऊ दिवस औषध न घेता गेल्या वर्षी काय झालं होतं ते दोघींनाही माहीत होतं, आणि या वर्षी झडप आणखी एक वर्षानं म्हातारी होती.

घट बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळीच निघाले. मनाशी भाषण जुळवत. वाडीच्या अलीकडे एक ओढा आहे. तिथे पोचले तर ओढ्याच्या माझ्या बाजूच्या काठावर एका दगडावर हौसाबाई बसल्या होत्या. रामभाऊ शेजारी उभा, हातात दुधाचा तांब्या. सदऱ्याच्या खिशातून त्यानं डबी काढली, एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती घेतली, वर दूध प्यायल्या, तोंड पुसलं, आणि मला बघून जराही न गोंधळता म्हणाल्या, "देवीची हद्द वढ्यापत्तुर हाय बाई. वढा वलांडला की आपन परगावात."

"हे कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाय पायजे? पान्यातल्या साती आसरा वढ्याकाठी बसत्यात, ह्या काठाला दुसऱ्यांचा देव."

"रोज येणार इथपर्यंत?"

"दहा पावलांची वाट. दम लागला तर ह्यो हाय की."

रामभाऊनं डबी खिशात ठेवली. मला म्हणाला, "आज मंगळवार. काल खाडा व्हता. आजची एकच दिली." एवढं बोलून तो तांब्या विसळायला ओढ्यात उतरला.

मी वही काढली आणि थांबले. हद्दीचा प्रश्न फक्त देवीलाच नव्हता. सरकारी नकाशात आमच्या केंद्राची हद्दही त्याच ओढ्यावर वेडीवाकडी तुटायची; वाडी आमच्याकडे, ओढ्याचा अलीकडचा काठ मात्र शेजारच्या केंद्राकडे. आमच्या अहवालात आमच्या हद्दीतलंच औषध दाखवता येत असे. म्हणजे कागदोपत्री हौसाबाईंनी त्या नवरात्रात एकही गोळी घेतली नाही, आणि मी ती घेताना पाहिलेली नाही. मी ते नऊही दिवस कोरे सोडले. नवमीला नैवेद्य झाल्यावर हौसाबाई पुरणाच्या दोन पोळ्या जेवल्या, पाटावरून कुणाचा हात न धरता उठल्या आणि स्वतःच्या पायांनी देवीच्या देवळापर्यंत चालत गेल्या. मी त्यांच्या मागून चालत होते, नाडी मोजायला हातात घड्याळ घेऊन, आणि त्या मला सारख्या म्हणत होत्या, "बाई, जरा सावकाश या, तुमाला दम लागतोय."